मोकळं चाक

लटारूच्या हातची बैलगाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. खडक-खट्, खडक-खट्. गाडी अजून धाबा गावच्या वळणावर असायची, तेवढ्यात गोंडपिपरीत ओट्यावर बसलेला माणूस न बघता सांगायचा, "लटारूचं चाक होय." हा आवाज चाकाच्या मोकळेपणाचा. चाक आखावर गच्च बसवायचं नाही, बोटभर मोकळं ठेवायचं. मग चाकोरीतून जाताना ते थोडं आत, थोडं बाहेर असं डुलत जातं, दगड लागला तर बाजूला सरकतं, आणि आख मोडत नाही. लटारूला हे त्याच्या बापाने शिकवलं होतं, बापाला आज्याने. पण लटारूने ते इतक्या लोकांना इतक्या वेळा समजावून सांगितलं होतं, की हा शोध आपणच लावला असं त्याला मनापासून वाटू लागलं होतं.

तसा सुतार म्हणून माणूस चोख. आरे बसवावेत, चाकावर लोखंडी धाव चढवावी, तर लटारूनेच. खोट एकच, तोंड. हात चालू असला की तोंड चालू, आणि हात थांबला की तोंड दुप्पट चालू. त्याची बायको गिरजा म्हणायची, "अवो, तुमाले ऐकून ऐकून लाकूडबी वाकडं होत असन." त्यावरही तो लाकूड का वाकतं हे समजावून सांगायचा.

त्रेपन्न साली गावात जीप आली. गुणवंतरावांची मालगुजारी जाऊन दोनच वर्षं झाली होती. गावं गेली, पण आवाज राहिला होता. त्या आवाजाच्या जोरावर त्यांनी एक दवाखाना कमिटी उभी केली, वर्गणी जमवली आणि लष्कराच्या लिलावातून लढाईतली एक जुनी जीप उचलून आणली. आठवड्यातले चार दिवस नर्स प्रेमिलाबाईंनी औषधांची पेटी घेऊन खेड्यापाड्यांत फिरायचं, हिवतापाच्या गोळ्या द्यायच्या, जखमा बांधायच्या, अडलेल्या बाईला सोडवायचं. गाडी चालवायला जंगू नावाचा अहेरीकडचा गोंड माणूस ठेवला. लढाईत ब्रह्मदेशच्या चिखलात त्याने अशाच जिपा चालवल्या होत्या. लटारू जितका बोलका, तितका हा अबोल.

आता गाडी आली म्हणजे तिची देखभाल आली. कमिटीत कोणीतरी म्हणालं, चांद्याहून मेकॅनिक बोलवावा लागेल. गुणवंतरावांनी हात झटकला. "चांद्याहून कशाला? इंजिनाचं जंगू बघेल. चाकांचं बघायला आपला लटारू आहे की! चाक ते चाक."

झालं. लटारू सुतार त्या दिवशी लटारू मिस्त्री झाला. कमिटीने त्याला पान्यांचा एक डबा दिला, आणि खाकी टोपी त्याने स्वतःच कुठून तरी पैदा केली. उन्हाळ्यात डोक्याला फोड आले तरी ती टोपी उतरली नाही.

पहिल्याच दिवशी जंगूने त्याला गाडी समजावून दिली. जंगूच्या मानाने ते भाषणच होतं. "ह्या दांड्यानं मागची चाकं ओढतेत. हा दुसरा दांडा टाकला का पुढचीबी ओढतेत. चिखलात, रेतीत टाकाचा. कडक रस्त्यावर टाकाचा नाई, पुढचे टायर खाते. अन् पुढची दोन चाकं समोरून अर्धा सूत जवळ पायजेत, मांगून अर्धा सूत दूर." अर्धा सूत म्हटल्यावर लटारूचा चेहरा खुलला, कारण सूत हे सुताराचंच माप. त्याने सगळं ऐकून घेतलं, आणि सायंकाळच्या बाजारात ते सगळं आपल्याच पोटचं असल्यासारखं लोकांना सांगितलं.

मग त्याने पुढचं चाक जॅकवर उचललं, दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिलं आणि चाटच पडला. चाक हलेना! फिरत होतं लोण्यासारखं, पण आत-बाहेर तीळभर सरकत नव्हतं.

"अरे बापा! हे चाक तं जाम हाये. एवढी लढाई मारली ह्या गाडीनं, अन् कोणाच्या ध्यानातच नाई आलं?"

त्याने मधलं टोपण उघडलं, आतले मोठे नट फिरवले आणि चाक बोटभर डुलेल इतकं सैल करून टाकलं. दुसऱ्या चाकाचंही तसंच. हात पुसताना त्याला अगदी कृतार्थ वाटलं. बापाची आठवण येऊन डोळ्यांत पाणीही आलं. आता सांगायलाही लाज वाटते, पण आलं खरं.

पुढच्या आठवडी बाजाराच्या दिवशी जंगू त्याला शोधत आला. भोवती दहा-पंधरा माणसं होती. जंगू म्हणाला, "मिस्त्री, चाक ढिलं लागून राह्यलं."

चारचौघांत? लटारूने टोपी सरळ केली. "ढिलं नाई गा, मोकळं! ढिल्यात अन् मोकळ्यात फरक हाये. तुह्या ब्रह्मदेशात चाकं कोन आवळे? इंग्रज. मंग इंग्रज गेला का नाई? काऊन गेला? जाम चाकानं गेला!"

सगळा बाजार हसत सुटला. भाजीवाल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. कोणीतरी जंगूच्या पाठीवर थाप मारून पुन्हा ते वाक्य म्हटलं. जंगू हसला नाही. त्याने क्षणभर लटारूकडे पाहिलं आणि निघून गेला. लटारूला त्या दिवशी बाजारात कोणी चहाचा पैसा देऊ दिला नाही.

त्यानंतर जंगू चाकांबद्दल एक शब्द बोलला नाही. लटारू दर शनिवारी चाकं तपासायचा आणि दर शनिवारी त्याला ती परत घट्ट झालेली सापडायची. आता दुसऱ्या कोणाला शंका आली असती, पण लटारूला शंका येत नसत, फक्त उत्तरं येत. धावून धावून लोखंड आपोआप आवळतं, हे त्याने शोधून काढलं आणि गावाला पटवूनही दिलं. आवळलेले नट तो परत सैल करायचा.

पहिल्या टायरांवर गाडी चौदा महिने चालली. आष्टीच्या घाटावर वैनगंगेची रेती, तोहोगावकडचे दगड, जंगलातली खुंटं, सगळ्यांवरून ती गेली आणि टायर शेवटपर्यंत सारखे, एका मापात झिजले. गुणवंतरावांनी कमिटीच्या बैठकीत लटारूला स्वतःच्या हाताने विडा दिला. "लष्कराला जमलं नाही ते आमच्या लटारूने करून दाखवलं!" लटारूने तो विडा दोन दिवस खाल्ला नाही, नुसता लोकांना दाखवला. शेवटी गिरजाने पान सुकलं म्हणून शेळीपुढे टाकला.

असा सगळा तोरा चालू असताना एका सोमवारी सकाळी तो जिपेजवळ गेला, तर जंगू पुढच्या चाकापाशी उकिडवा बसलेला, टोपण उघडं आणि हातात पाना.

तू काय करतोस, असं विचारायला एक श्वास पुरला असता. पण लटारूच्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या चाकाला हात? तो तसाच तरातरा गुणवंतरावांच्या घरी गेला आणि म्हणाला, "मालक, चाक एकाच हाताचं असते. आज जंगू हात लावते, उद्या गावातली पोट्टी लावतीन. मंग मी जबाबदार नाई." त्याच दिवशी हुकूम निघाला, मिस्त्रीशिवाय कोणी चाकाला हात लावायचा नाही. जंगूने ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाला. त्या शनिवारपासून नट घट्ट झालेले सापडेनासे झाले, तेव्हा लोखंडाला शेवटी वळण लागलं असं लटारूने जाहीर केलं.

त्याच सुमारास जुने टायर बदलायला झाले होते. टायर तेव्हा चांद्याला मिळत नसत, नागपूरहून महिना-महिना आधी सांगून आणावे लागत. नवे टायर चढले, आणि चार महिन्यांत पुढच्या दोघांची आतली कड खलास. बाहेरच्या कडेवर नक्षी नवीकोरी, आणि आतल्या बाजूला दोरे दिसायला लागलेले. रबरावरून तळवा एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर कानशीसारखं लागे.

लटारूने दोरी लावली, काठीवर खुणा केल्या, समोरून मोजलं, मागून मोजलं. अर्धा सूत बरोबर. पुन्हा मोजलं. बरोबर. आठ लोक जमवून त्यांच्यासमोर मोजलं. तरीही बरोबर! म्हणजे चाकांत दोष नाही, दोष आहे तो दुसरीकडेच. आता दुसरीकडे म्हणजे कुठे, एवढंच ठरवायचं बाकी होतं.

आधी त्याने तो गुणवंतरावांच्या अंगावर टाकला. ह्या जिपेत चालवणारा डावीकडे बसे आणि गुणवंतराव तिच्यातून कधी गेलेच तर उजवीकडे. माणूस भारदस्त, तराजूत बसला तर भाताचं पोतं वर जाईल. "उजवीकडे भार पडून राह्यला," लटारूने प्रेमिलाबाईंना हळूच सांगितलं.

"पण लटारूभाऊ, डावा टायरही तसाच झिजला आहे."

"तो उजव्याचं पाहून शिकला, बाई. बैल नाई का शिकत?"

प्रेमिलाबाई नागपूरकडच्या, शिकलेल्या. त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की दुसरा असता तर तिथेच पुरता विरघळला असता. लटारूला वाटलं, बाईंना पटलं.

गुणवंतराव महिनाभर परगावी गेले तरी झीज थांबली नाही. मग लटारूला आठवला तो दुसरा दांडा. हा जंगू पुढची चाकं ओढायचा दांडा टाकून कडक रस्त्यावर गाडी चालवत असणार! पुढचेच टायर जातात ते उगाच? दांडा टाकला की टायर खातो हे लटारूला जंगूनेच सांगितलं होतं, पण ते तो केव्हाच विसरला होता. कमिटीच्या कारकुनाकडून त्याने जंगूविरुद्ध रीतसर अर्ज लिहून घेतला आणि खाली जाडजूड सही ठोकली. चाकं बरोबर असल्याचं मोजून दाखवलेलं असल्यामुळे अर्ज सगळ्यांना पटला. नागपूरहून पुन्हा नवे टायर आणले आणि ठराव झाला, की हे शेवटचे, ह्यांची कड खाल्ली गेली तर जंगूला काढून टाकायचं.

तीन आठवड्यांत नव्या टायरांचं रबरही तळव्याला कानशीसारखं लागायला लागलं. शुक्रवारची बैठक ठरली.

जंगूच्या घरी म्हातारी आई, बायको आणि तीन पोरं. सगळी त्याच्या पगारावर. त्या काळी आख्ख्या मुलखात मोटारी हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या, आणि टायर खाणारा ड्रायव्हर म्हणून एकदा काढला की त्याला दुसरी गाडी कोण देणार? हे गावात सगळ्यांना कळत होतं. लटारूलाही कळत होतं. वाईटही वाटत होतं. पण आपण खरं तेच सांगितलं, त्याला काय करणार, अशी त्याने मनाची समजूत घातली होती आणि ती छान बसली होती.

फक्त बैठकीत डोळ्यांनी पाहिलेला पुरावा असावा म्हणून बुधवारी तो फेरीला सोबत निघाला. जिपेचे पुढचे मडगार्ड सपाट असतात. लटारू उजव्या मडगार्डवर चढून बसला, एका हाताने बॉनेटची कड धरली आणि मान खाली घालून चाकावर नजर रोखली. दांडा टाकलेला असला की चाक वेगळं फिरतं आणि ते आपल्याला नुसतं बघून कळतं, असं त्याने जाहीर केलं होतं.

"लटारूभाऊ, पडाल!" प्रेमिलाबाई आतून ओरडल्या.

"पडलो तं तुमी हायेच मलमपट्टीले!"

गाडी निघाली. चैताची सकाळ, रस्त्याच्या कडेला बाया मोहफुलं वेचत होत्या. मडगार्डवर खाकी टोपी घालून बसलेलं ते ध्यान पाहून त्या टोपल्या टाकून उभ्या राहिल्या. लटारूने त्यांना मान डोलवून रामराम केला आणि परत खाली पाहिलं.

चाक डुलत होतं.

थोडं आत, थोडं बाहेर. उभ्या गाडीत जे सुतात बसत होतं, ते धावताना समोरून फाकत होतं, वरून आत कलत होतं, आणि टायरची आतली कड रस्त्यावर फरफटत चालली होती. दगड आला की चाक बाजूला सरकायचं आणि परत यायचं. आत, बाहेर. आत, बाहेर. इंजिनाच्या आवाजात खडक-खट् तेवढं ऐकू येत नव्हतं. पण शंभर गाड्यांत उभा केला असता तरी लटारूने ते डुलणं ओळखलं असतं. ते त्याच्या हातचं होतं.

 त्याने मोठ्या आशेने पुढून वाकून डावीकडे, दुसऱ्या चाकाकडे पाहिलं. तेही तसंच. वा रे मिस्त्री! बैलगाडीचं चाक नुसतं मागे मागे येतं, त्याला डुलायला काय जातं? हे चाक गाडीचं तोंड वळवतं, वेळ पडली तर गाडी ओढतं, आणि त्याच्या पायात रबर आहे, लोखंडी धाव नाही. एवढा फरक कळायला मडगार्डवर बसावं लागलं.

आष्टीच्या घाटावर रेती लागली तेव्हा जंगूने दुसरा दांडा टाकला. रेती संपून कडक जमीन लागली त्याच क्षणी काढला. लटारूने तेही पाहिलं. घाटावर गाडी थांबली, प्रेमिलाबाई पेटी घेऊन वस्तीत गेल्या. जंगू सावलीला बसला. लटारू मडगार्डवरून उतरला आणि त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"जंगू, त्या सोमवारी तू पाना घेऊन काय करून राह्यला होता?"

"आवळत होतो."

"किती दिसापासून?"

"पयलेपासून. तुमी शनवारी ढिलं करा, मी सोमवारी आवळो."

चौदा महिने. दर सोमवारी पहाटे हा माणूस फेरीच्या आधी येऊन, दोन्ही चाकांची टोपणं उघडून, लटारूचा शहाणपणा आवळून ठेवत होता. आणि तो विडा! लटारूला तो सुकलेला विडा आठवला आणि तो शेळीने खाल्ला हे फार बरं झालं असं वाटलं.

"मंग मले सांगतलं काऊन नाई गा?"

जंगूने रेतीतला एक खडा उचलला, बाजूला टाकला. "सांगतलं होतं. बाजारात. तुमी हासले. मंग सगळे हासले." मग म्हणाला, "गोंडाले हासाले लोकाईले कारण लागत नाई. मी दुसऱ्यांदा सांगाले आलो नाई."

 लटारूला लाज वाटली. त्याला माफी मागायची होती, पण बोलून बोलून इतकी वर्षं घालवलेल्या माणसाच्या तोंडून नेमका तो शब्द निघेना. 

परत येताना जिपेत मागे बसल्यावर मात्र त्याचं डोकं चालायला लागलं. आता खोटं कशाला बोला, ते डोकं चांगल्या दिशेला चाललं नाही. गुपचूप नट आवळून टाकले तर? शुक्रवारी जंगू जाईल ते जाईल. नवा ड्रायव्हर येईल, टायर टिकतील, आणि सगळे म्हणतील, बघा, मिस्त्रीचंच खरं निघालं! हा विचार लटारूला क्षणभर आवडला. क्षणभर कसला, चांगला कोसभर आवडला. मग समोर गाडी चालवणाऱ्या जंगूच्या मानेवरचा घाम त्याला दिसला, आणि आपण किती हलकट आहोत हे बघून तो स्वतःच दचकला.

घरी येऊन त्याने गिरजाला सगळं सांगितलं. अगदी तो कोसभरही. ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली.

"मंग आता?"

"कमिटीत सांगा लागन."

"सांगा. रोज गावभर सांगत फिरता, एक दिवस खरं सांगा."

शुक्रवारी गुणवंतरावांच्या ओसरीवर कमिटी बसली. जंगू दाराशी हात बांधून उभा होता. लटारू उठला, टोपी काढून हातात घेतली आणि एका दमात म्हणाला, "मालक, टायर जंगूनं नाई खाल्ले. म्या खाल्ले. चाकं म्या ढिली करून ठेवली. पयले टायर टिकले ते जंगू चोरून आवळे म्हणून. मी त्याले बंद केलं, तवापासून टायर गेले. माहा अर्ज खोटा हाये."

 गुणवंतरावांचे डोळे पाणावले. "पाहिलंत?" ते सगळ्यांना म्हणाले. "गरिबाची नोकरी वाचावी म्हणून हा माणूस दोष स्वतःवर घेतो आहे. लटारू, तुझं मन फार मोठं आहे रे!"

कमिटीने माना डोलावल्या. कोणीतरी "शाब्बास" म्हणालं. लटारूने आ वासला. इतकी वर्षं थापा मारल्या, त्या एकूण एक खपल्या, आणि आज पहिल्यांदा खरं बोललो तर कोणी घ्यायला तयार नाही! आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ते "मोठं मन" ऐकून त्याच्या अंगावर जरासं मूठभर मांस चढलंही. आणखी थोडा गप्प बसला असता तर दुसरा विडा मिळाला असता.

"तेव्हा ठराव कायम," गुणवंतराव म्हणाले. "जंगू, आजपासून..."

"मडगार्डावर बसा!" लटारू ओरडला. मालकावर असा ओरडलेला माणूस त्या ओसरीने पाहिला नव्हता. "माह्यावर भरवसा ठेवूच नका, मालक. तेच सांगून राह्यलो! माह्यावर ठेवला म्हणूनच हे झालं. चला, आपल्या डोळ्यानं पाहा."

गुणवंतरावांना मडगार्डवर चढवायला चार माणसं लागली. जिपेने एका बाजूने कुरकुर केली. जंगूने गाडी बाजाराच्या मोकळ्या मैदानावर नेली आणि एक चक्कर मारली, मागे अर्धं गाव. पहिल्या वळणाला गुणवंतरावांचं धोतर वाऱ्यावर, दुसऱ्या वळणाला पागोटं जमिनीवर, आणि तिसऱ्या वळणाला त्यांचा तो मालगुजारी आवाज सगळ्या गावाने ऐकला. "अरे, थांबव! थांबव! हे चाक आहे की तमाशातली बाई?"

गाव हसलं. गुणवंतरावांवर हसायची सोय नव्हती, म्हणून सगळे लटारूकडे बघून हसले. पोट धरधरून हसले. कोणीतरी ओरडलं, "मिस्त्री, इंग्रज कायनं गेला गा?" आणि पुन्हा हशा उसळला. लटारू मैदानाच्या मधोमध उभा राहून तो ऐकत होता. एवढ्या लोकांत आपल्यावर हसलेलं कसं लागतं हे त्याला माहीत नव्हतं. कानांच्या पाळ्या भाजत होत्या. त्याने जंगूकडे पाहिलं. जंगू स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला होता. सगळ्या मैदानात तो एकटा हसत नव्हता.

तेव्हा लटारू पुढे झाला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जंगू, त्या दिवशी बाजारात मी तुले हासलो. माहं चुकलं."

हशा विरत विरत थांबला. जंगूने मान हलवली.

गुणवंतराव धापा टाकत खाली उतरले. ठराव तिथेच रद्द झाला. जंगू राहिला, आणि चाकांचंही त्याच्याकडेच गेलं. "आणि ह्याचं काय करायचं?" त्यांनी लटारूकडे बोट केलं. आवाजात राग होता, पागोट्याला धूळ लागली होती.

"मी जंगूच्या हाताखाली राहीन," लटारू म्हणाला. "तो ठेवत असन तं."

सगळे जंगूकडे बघायला लागले. जंगू खाली उतरला आणि त्याने पुढचं चाक एकदा पायाने ढकलून पाहिलं. 

"राहा," शेवटी तो म्हणाला. "पन कमी बोलाचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी जंगूने चाक जॅकवर चढवलं, टोपण उघडलं आणि पाना लटारूच्या हातात दिला. लटारू ओठ मिटून कामाला लागला. नट आवळत नेला, आवळत नेला, चाक फिरायचं बंद होईपर्यंत. जंगूने त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि पाना उलटा, अगदी किंचित, मागे घ्यायला लावला. चाक परत लोण्यासारखं फिरलं. लटारूने ते धरून हलवलं. बोटांना कळेल न कळेल इतकी, पण जागा होती. डोळ्यांना दिसत नव्हती.

त्याच्याने राहवेना. "मंग थोडं मोकळं ठेवाच लागते की गा!"

जंगूने त्याच्याकडे पाहिलं. "केसभर," तो म्हणाला. "बोटभर नाई."

लटारूने तोंड उघडलं. त्याच्याकडे यावर सांगण्यासारखं पुष्कळ होतं. त्याने ते मिटलं आणि दुसऱ्या चाकाकडे वळला.